राखीव खेळाडू

माझ्या हातून एकदा एक मेलेला मुलगा क्रिकेटची फायनल खेळला.

तुम्ही माझ्याबद्दल काही भलतंच समजण्याआधी सांगतो. मालवणच्या बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जिल्ह्याच्या पेपराला खेळाच्या बातम्या देणारे भाऊ हाताने लिहिलेली बातमी माझ्याकडे आणत आणि मी ती टाइप करून पाठवी. तोंडवलीच्या टेनिस-बॉल स्पर्धेत दरवर्षी तेच संघ, नावंही बहुतेक तीच. तेव्हा मी गेल्या वर्षीची फाइल उघडायचो, धावा बदलायचो, कोण जिंकलं ते बदलायचो आणि चहा मागवायचो. याला मी त्या काळी अक्कल म्हणत असे. बायको तेव्हाही वेगळा शब्द वापरत होती.

त्या वर्षी एक ओळ बदलायची राहिली. नितीन सोनू घाडी, वरचीवाडी, यष्टिरक्षक. आदल्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत तापाचं निमित्त होऊन हा पोरगा चार दिवसांत गेला होता. आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याने यष्टीमागे दोन सुरेख झेल टिपले.

भाऊ सकाळी पेपर घेऊन आले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. ते चष्मा पुसू लागले की समोरच्याने सावध व्हावं.

"बाबू, ह्यां मी लिवललंय?"

"नाय, भाऊ."

"मगे कोणी लिवल्यान?"

"कॉम्प्युटरान," मी म्हणालो.

"कॉम्प्युटर खंयच्या वाडीचो?"

मी उगाच माउस हलवला.

ही त्यांची जन्मभराची सवय. नाव घेतलं की बापाचं नाव, आडनाव आणि वाडी. सुरूच्या झाडांखाली मासळीची एक क्रेट उपडी घालून ते बसत, मांडीवर शाळकरी वही. बाद होऊन येणाऱ्या प्रत्येकाला अडवत. "नाव पुरा सांग."

"पिंट्या म्हणान लिवा, भाऊ."

"पिंट्या घरात. पेपरात पुरा."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. बातमीत हरलेल्या संघाची नावं आधी यायची. मी एकदा त्यांना सुधारायला गेलो. ते म्हणाले, "जिंकलेल्यांका कप गावलो. हरलेल्यांका काय गावला? निदान नाव तरी पयला येवंदे." आणि नियम एकच, पण दगडासारखा: मैदानात जो नाही, त्याचं नाव वहीत नाही. पाहुणा म्हणून नाव घाला असं सांगत आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी विचारलं होतं, "किती रन केलास?" अशा माणसाच्या बातमीत मी मेलेला माणूस खेळवला होता.

"उठ. दुकान बंद कर. वरचीवाडीक जावचा आसा."

भाऊंच्या हातात पेपरात द्यायचा खुलासा लिहिलेला कागद होता. तो रात्रीतच लिहून ठेवला असावा असं मला वाटलं, पण पेपर तर सकाळी आला होता. म्हणजे वाटेत, एसटीत उभ्या उभ्या लिहिला होता. अक्षर तसं हललेलं दिसत होतं. तो घडी करून त्यांनी खिशात घातला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. आधी आईची माफी, मग खुलासा.

घरापुढच्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. नितीनची आई त्या पायाने सारखी करत होती. आम्हाला बघून ती घाबरली नाही, रडली नाही. "येवा, भाऊ. बसा," म्हणाली.

"वयनी, चूक झाली..." भाऊंनी सुरुवात केली.

"माका ठावक आसा. सकाळी शेजारच्या चेडवान वाचून दाखवल्यान. माका वाचूक येणा नाय." तिने हात पदराला पुसले. "तुमी वाचा मगे एकदा."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी बियांकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. सबंध वाचलं, हरलेल्या संघापासून.

"दोन झेल?" तिने विचारलं.

"दोन," भाऊ म्हणाले.

"घरात मेल्याच्या हातात चायचो कप रवा नाय, नि थंय दोन-दोन झेल!" असं म्हणून ती चक्क हसली. मग हळूच म्हणाली, "सगळ्यांनी वाचल्यानी असतला मा? फुडल्या वर्सा येतला मा नाव?"

भाऊंनी पेपराची घडी घातली. पाणी प्यायले आणि उठले. परतताना खाडीच्या पुलावर आलो. शेवटी मीच विचारलं, "भाऊ, खुलासो?"

"फाल्यां बघूया."

ते फाल्यां, म्हणजे उद्या, अजून यायचं आहे.

पुढच्या वर्षी टॉस व्हायच्या आधी भाऊ वरचीवाडीच्या कप्तानाकडे गेले. मी तिथेच होतो. माझं क्रिकेट म्हणजे सावली बघून बसणं, तेवढं मी नियमाने करतो.

"यादीत राखीव किती?"

"एक."

"दोन कर."

"दुसरो कोण, भाऊ?"

भाऊंनी नाव सांगितलं, पुरं. कप्तानाने कानामागचं पेन काढलं. मग त्याने यादीत नाव लिहिलं आणि खाली सही केली. भाऊंनी ते वहीत उतरवून घेतलं. "आता खरा," ते म्हणाले. "यादीत आसा. आणि मैदानात..." त्यांनी सुरूच्या बनाकडे पाहिलं. दुपारचा वारा सुटला होता आणि झाडांखालच्या सावल्या एका जागी ठरत नव्हत्या. "आसतलो थंयच खंयतरी."

खरं सांगतो, त्या सामन्यात एक चेंडू कीपरच्या हातून सुटून मागे गेला आणि झाडांपाशी आपोआप थांबला. तिथे मऊ वाळू होती, म्हणून थांबला असेल. भाऊंनी वहीतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

मग दरवर्षी तसंच चाललं. पेपर आला की भाऊ तो घेऊन वरचीवाडीला जात, खळ्यात बसून वाचत आणि कोकम सरबत पिऊन परत येत. किती वर्षं ते मी मोजलं नाही. तेवढ्या काळात माझे केस गेले.

पेपर मात्र आटत चालला. तालुक्याच्या खेळाला आधी अर्धं पान असायचं, मग एक रकाना आला, मग चार ओळी. चार ओळींत भाऊ बसत नव्हते. एके दिवशी तालुक्याचं पानच बंद झालं. खेळाचं पान मोठ्या शहरातून तयार येऊ लागलं. त्यावर परदेशातला एक फुटबॉलवाला शर्ट काढून धावताना दाखवला होता. भाऊंनी पान माझ्यासमोर धरलं. "ह्यो खंयच्या वाडीचो?"

कचेरीतल्या नव्या मुलीने फोनवर त्यांना गोड आवाजात समजावलं. भाऊ, आता फक्त निकाल आणि कप घेतलेला फोटो पाठवा, आम्ही वेबसाइटवर टाकू.

"हरलेल्यांचा फोटो?" भाऊंनी शुद्ध मराठीत विचारलं. कचेरीशी ते शुद्धच बोलत.

"तो कशाला?"

भाऊंनी फोन खाली ठेवला आणि नेहमीसारखी बातमी लिहिली. मी ती पेपरासारखे रकाने पाडून छापली, मथळा जाड केला. मला माझा फार अभिमान वाटला. आम्ही दोघे वरचीवाडीला गेलो. भाऊंनी वाचलं. आईने ऐकलं, मग कागद हातात घेऊन बोटांनी चाचपला.

"ह्यो पेपर न्हय," ती म्हणाली. "पेपर असो कडक नसता." थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे ह्यां तुमी दोघांनीच वाचलास."

रागावून नव्हे हो. समजून म्हणाली. पण परतताना भाऊ म्हातारे झालेले मला पहिल्यांदा दिसले. नुसतं नाव ऐकणं तिला नको होतं. आपण ऐकताना ते साऱ्या तालुक्याने वाचलेलं असायला हवं होतं. तो तालुका आता कुठून आणायचा?

तालुका मोबाइलवर गेला होता. पुढच्या हंगामात तोंडवलीच्या मैदानावर बांबूच्या मचाणावर कॅमेरा चढला, सामना लाइव्ह सुरू झाला. दुबईत, कुवेतमध्ये, मुंबईत आमची माणसं बघत होती. चेंडू असा दिसे की त्यावरची लव मोजावी. पण पडद्यावर खाली लिहिलेलं असे: खेळाडू ७, १२ धावा. समालोचन करणारा रिक्षावाला होता, जिभेचा मोकळा. तो सगळ्यांना टोपणनावं देई, तुफान, वादळ, डंपर.

पान बंद झालं म्हणून त्या वर्षी भाऊ मैदानावर न जाता माझ्या दुकानात मोबाइलवर वाकून सेमीफायनल बघत होते. "खेळाडू सात? आवशीन काय नाव ठेवल्यान तेचा?" असं म्हणून वही घेऊन निघाले. दुकान बंद कर म्हणायची या वेळी गरज पडली नाही.

मैदानावर ते थेट समालोचकाच्या टेबलाशी गेले.

"भाऊ, लाइव्ह चालू आसा, बाजूक रवा."

"रवतंय."

आणि राहिले. टेबलाच्या बाजूला, उन्हात, वही छातीशी धरून, सबंध फायनल. एक होमस्टे, एक बर्फाचा कारखाना, स्कूबावाले अशा प्रायोजकांची नावं वाचून झाली, पुन्हा वाचून झाली. सामना संपला. बक्षिसाचं टेबल मांडेपर्यंत मध्ये रिकामा वेळ आला, तेव्हा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "घेवा बाबा. दोन मिन्टां. पण जोक नको."

भाऊंनी माइक दोन्ही हातांत धरला, नैवेद्याचं ताट धरावं तसा. हरलेला संघ आधी. नाव, बापाचं नाव, आडनाव, वाडी. पहिल्या दोन-तीन नावांना पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग शिट्ट्या थांबल्या. आपलं नाव कधी येतं याची वाट पाहत डंपर आणि वादळ कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मागे समुद्राचा आवाज आणि जनरेटरचा. शेवटी: "राखीव खेळाडू. नितीन सोनू घाडी, वरचीवाडी."

मोबाइलवर खाली ओळी येऊ लागल्या होत्या. कुवेतहून कुणीतरी लिहिलं होतं, 'माझ्या बापाशीचा नाव आयकलंय.' आणि एकाने लिहिलं होतं, 'नितीन आमच्या वर्गात होता.'

दुसऱ्या दिवशी आम्ही वरचीवाडीला गेलो तर आई खळ्याच्या टोकाला येऊन उभीच होती. शेजारच्या मुलीने तिच्या कानाशी मोबाइल धरला होता. "सगळ्यांनी आयकल्यानी," ती म्हणाली. "समुद्राचो आवाज पण इलो."

असे दोन हंगाम झाले. गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. मला कळलं ते मोबाइलवर, हात जोडलेल्या चित्रासह, आणि त्याच्या खालीच कुणीतरी ताजी कोळंबी आल्याचं कळवलं होतं. पेपरात बातमी आली नाही. यायला पान कुठे होतं?

यंदा फायनलच्या सकाळी वरचीवाडीचा कप्तान संघाची यादी टाइप करायला आला. "भाऊ नायत," तो म्हणाला, "पण रिक्षावालो म्हणता, नावां वाचूक व्हयी. लोक इचारतत." राखीवमध्ये नितीन होताच. कप्तान जरा घुटमळला. "त्येच्या खाली भाऊंका घाला. तुमका पुरा नाव म्हायत असतला."

मी कळफलकावर बोटं ठेवली आणि परत उचलली.

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या बातम्या टाइप केल्या, साऱ्या तालुक्याचे बाप मला पाठ झाले, पण भाऊंच्या बातमीच्या वर फक्त 'वार्ताहर' असे. मी कधी विचारलंच नाही. डबा घेऊन आलेली बायको मागे उभी होती. मी त्यांच्या मुंबईच्या पुतण्याला फोन लावायला घेतला, तर तिने हात धरला.

"नको. तेंनी कधी लिवल्यानी नाय, तां तुमी कित्याक लिवतास? 'वार्ताहर' घाला."

घातलं.

दुपारी दुकानातच मोबाइल उभा करून आम्ही दोघं बघत होतो. बायको ओले काजू सोलत होती. सामना संपला आणि रिक्षावाल्याने कागद घेतला. हरलेला संघ आधी. तोही आता सवयीने चष्मा पुसतो. शेवटी म्हणाला, "राखीव खेळाडू. नितीन सोनू घाडी, वरचीवाडी. आणि... वार्ताहर." एवढं बोलून तो थांबला. पुढे काहीतरी लिहिलेलं असेल म्हणून कागद उलटून पाहिला. माइकमध्ये थोडा वेळ नुसता सुरूतला वारा ऐकू येत राहिला.

बायकोने काजू सोलायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मग दुकानाच्या पायरीकडे.

"वाडी घालूक इसारलात," ती म्हणाली. "आता येतले बघा भाऊ, तुमका इचारूक."