सातवं कलम

वडील वारले त्या दिवशी सरदारांच्या फाटकात तिरडी अडवली. मी पुढे होतो. उजव्या हातात विस्तवाचं मडकं होतं. कारभाऱ्यांनी माझ्या डाव्या हातात एक कागद टाकला आणि म्हणाले, "वाच. सातवं कलम."

मी मनात वाचलं.

"मोठ्यानं वाच. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं वाचलं. 'वस्तीतील प्रेत, मेलेले जनावर अथवा ओली कातडी कोठीसमोरील रस्त्याने नेऊ नये.'

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मग आमच्याशी काय हुज्जत घालता? फिरा मागं."

तिरडीचा पुढचा बांबू मामांच्या खांद्यावर होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?" एवढंच विचारलं. फाटकावरचा दरवान म्हणाला, "चलो भैया, धूप में मत खड़े रहो, मिट्टी ख़राब होगी." मिट्टी म्हणजे प्रेत. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. त्याचंच जास्त लागलं.

ठाऊक होतं. चार वर्षं ठाऊक होतं. ते कसं, हे लिहायला बसलो आहे.

आम्ही चांभार. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आले. फौजेची खोगिरं आणि लगाम ते शिवत. फौजेच्या तळाचं पुढे लष्कर नावाचं शहर झालं आणि आमची वस्ती त्याच्या कडेला, नाल्याला लागून राहिली. वस्तीतून मोठ्या सडकेवर यायला एकच वाट. ती सरदारांच्या कोठीसमोरून, म्हणजे वाड्यासमोरून, त्यांच्या फाटकातून जाते. स्मशान सडकेच्या पलीकडे. पावसाळ्यात त्या वाटेवर गुडघाभर चिखल होई. आमच्या तीन पिढ्या त्या चिखलातून आल्या-गेल्या, तेव्हा कोणाला रस्ता सुचला नाही. एका वर्षी सरदारांची बग्गी रुतली, आणि सुचला.

बोलणी कोठीच्या बागेत झाली. एका बाजूला शहर कमेटीचे सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला सरदारांचे कारभारी. दोघांना खुर्च्या होत्या, वर कापडाची चांदणी होती. वस्तीचे पंच उन्हात उभे, त्यांत माझे वडील. मी कमेटीत नकलनवीस होतो, म्हणून दौत-लेखणी घेऊन चांदणीच्या बाहेर, पायरीवर बसलो होतो.

कारभारी म्हणाले, "जमीन आमच्या सरदार सरकारांची. ती दिली, हेच पुष्कळ झालं."

सेक्रेटरी म्हणाले, "खडी आणि मुरूम कमेटी देईल. मजुरीला आमच्याकडे तरतूद नाही."

मग दोघांनी एकाच वेळी आमच्या माणसांकडे पाहिलं. कारभारी हसले. "हे आहेत की. वाट त्यांनाही लागते."

ठरलं. पहिल्यांदा रस्ता आमच्या माणसांनी करायचा, आणि पुढे दर वर्षी पाऊस संपला की घरटी एक माणूस आठ दिवस फुकट येईल, खडी टाकील, जड लाकडी धुमसानं चोपील. ते सहावं कलम. वडिलांनी हात जोडून विचारलं, "म्हणजे रस्ता आमचाही, ना साहेब?"

"करणाराचा नाही तर कोणाचा?" कारभारी म्हणाले.

सातवं कलम बागेत कोणी बोललं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी मसुद्यात आलं, कारभाऱ्यांच्या हातचं, समासात लिहिलेलं. मला दोन नकला करायच्या होत्या. कोठीसाठी मराठीत, कमेटीसाठी हिंदीत. म्हणजे ते कलम मी दोनदा लिहिलं. कारभाऱ्यांनी नक्कल उजेडात धरून पाहिली आणि सेक्रेटरींना म्हणाले, "अक्षरावरून जात ओळखू येत नाही हो." दोघं हसले. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं.

का गप्प बसलो, याचं उत्तर सरळ आहे. वस्तीतला मी पहिलाच कचेरीत बसलेला. बसायची जागा व्हरांड्यात, माठाला हात लावायचा नाही, पण कचेरी होती. सेक्रेटरी मला जुनी मासिकं वाचायला देत. हातात देत नसत, खिडकीच्या कठड्यावर ठेवत. मी ती तिथून उचलून घरी नेई आणि पुन्हा पुन्हा वाची. ती मासिकं बंद होतील, याची मला भीती होती. शिवाय मी स्वतःला सांगितलं, कागदावर पुष्कळ काही लिहिलेलं असतं. कोण बघतंय.

अंगठे घ्यायच्या आदल्या दिवशी वडिलांनी विचारलं, "काय काय लिहिलंस रे त्यात?"

"रस्त्याचं."

"आपल्या वस्तीचं नाव आहे?"

"आहे."

"मग झालं," ते म्हणाले. आणि मामांकडे वळून, "पोरगा लिहिणारा आहे आपला. आपल्याला कोण फसवतंय आता." दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्यांनी अंगठा दिला.

रस्ता करून झाल्यावरही चार वेळा ते त्यावर राबले. त्यांच्या तळहाताला चामड्याच्या कामाचे घट्टे होतेच, आता धुमसाचेही पडले. तोवर सातवं कलम कोणी बाहेर काढलं नव्हतं. पाचव्या पावसाळ्यात, भाद्रपदात, तापानं गेले. आणि आम्ही फाटकातून परत फिरलो.

आता नाल्यातूनच जायचं होतं. पाणी कमरेपर्यंत होतं. खांदेकऱ्यांनी तिरडी डोक्याच्या वर धरली. मधेच एकाचा पाय घसरला, तिरडी कलली, आणि वडिलांचे पाय पाण्यात गेले. मडकं सावरताना माझ्याही हातून त्यात पाणी शिरलं. विस्तव विझला. पलीकडे जाऊन चितेला काडेपेटीनं आग लावली. त्या वेळात माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही.

तेराव्यानंतर कचेरीत गेलो. पाऊस संपत आला होता. सेक्रेटरींनी बोलावून सांगितलं, "वस्तीला नोटीस लिही. दसऱ्याच्या आत रस्ता झाला पाहिजे, कोठीवर पाहुणे येणार आहेत."

मी म्हणालो, "हा कागद मी लिहिणार नाही."

त्यांना वाटलं, मी दुःखात आहे. "बरं, उद्या लिही."

"उद्याही नाही. सातवं कलम काढा, मग सहावं मागा."

"कलम काढ म्हणणारा तू कोण?"

"ज्यानं ते लिहिलं, तो."

ते चिडले नाहीत. भले गृहस्थ होते. म्हणाले, "तुझ्यासाठी मी किती केलं, आठव जरा." मी घरातली सगळी मासिकं दुसऱ्या दिवशी आणून त्या कठड्यावर ठेवली. नोकरी गेली.

मग वस्तीला बोलावलं. करारनामा पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत सांगितला. मला तो पाठच होता. मी काय लपवलं आणि कशापायी, तेही सांगितलं. मामा उठले आणि म्हणाले, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला तू फसवलंस. तुला माफी नाही." मी मागितलीही नव्हती. मग ते इतरांना म्हणाले, "पण रस्त्यावर कोणी जायचं नाही." कोणी गेलं नाही.

शिपाई आले, दमदाटी झाली. कोठीनं आमच्याकडून जोडे-खोगीर घेणं बंद केलं. पाच घरं पडावाला, मालाच्या गाड्या उतरतात तिथे, हमाली करायला निघून गेली. तरी रस्त्यावर कोणी गेलं नाही. दोन पावसाळ्यांत खडी उखडली.

या चैत्रात आई गेली. तिला अंघोळ घालत होते तेव्हा कारभारी स्वतः वस्तीच्या तोंडापर्यंत आले. आवाज मऊ होता. "तुझ्या आईपुरतं फाटक उघडतो. सरकारांना मी सांगीन. आठ दिवसांनी रस्त्याला माणसं पाठव म्हणजे झालं."

"सगळ्यांसाठी उघडता?"

"तसं कसं होईल?"

"मग राहू द्या."

"अरे, आई आहे तुझी."

"म्हणूनच," मी म्हणालो.

चैत्रात नाल्यात पाणी नसतं. शहराची घाण असते. आम्ही आईला त्या घाणीतून नेलं. या खेपेला मडकं दुसऱ्यानं धरलं; पुढचा बांबू माझ्या खांद्यावर होता. मागचा मामांच्या. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

करार रद्द झालेला नाही. सातवं कलम कागदावर आहे. रस्त्यावर आता नुसते खड्डे आहेत. आमची मेलेली माणसं नाल्यातून जातात, आणि आमचा एकही माणूस खडी टाकायला जात नाही.