तीच गोळी चालू ठेवा

वर्तमानपत्राच्या छापखान्यात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत, आणि तिला ते आवडायचं. सव्वीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती. ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, दोन शब्दांमधली जादा फटसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. अशा बाईच्या हातून एका गुरुवारी निवृत्त मुख्याध्यापकांच्या हसऱ्या फोटोवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ छापून गेलं, आणि शेजारच्या चौकटीतल्या दिवंगत आजोबांचं ‘हार्दिक अभिनंदन’ झालं. मुख्याध्यापक स्वतः आले, चांगले धडधाकट, काठी आपटत. त्यांची समजूत घालून झाल्यावर संपादकांनी तिला बोलावलं आणि थोडे दिवस घरी बसा, विश्रांती घ्या, असं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, तेच तिला जास्त लागलं.

दोन वर्षं तिचं असंच चाललं होतं. सकाळी उठावं तर अंगात शिसं ओतल्यासारखं. सगळे पंखा लावून बसलेले आणि ही स्वेटर घालून. कंगव्यात केसांचा पुंजका, आवाज घोगरा, आणि एकच ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. थायरॉइडची गोळी नऊ वर्षं चालू होती, तिने ती एक दिवसही चुकवली नव्हती. डॉक्टरांना काही सांगावं तर ते मान वर न करता म्हणत, गोळी चालू आहे ना, मग थायरॉइडचा प्रश्नच नाही; वय आहे, वजन आहे, मन कुठेतरी रमवा. नवऱ्याने त्यांचीच री ओढली. हल्ली तुला सगळ्याचाच कंटाळा, हे त्याचं निदान, तेही फुकटात. सगळ्यात वाईट म्हणजे तिलाही ते पटू लागलं होतं. आपणच आळशी झालो म्हणून ती मनातल्या मनात स्वतःला घालून पाडून बोलायची.

घरी बसल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून स्वतःची फाइल काढली आणि सवयीने ओळीखाली पट्टी धरून वाचायला घेतली. दर ओळ तीनदा, त्यामुळे दुपार गेली. रक्ताची शेवटची तपासणी तीन वर्षांपूर्वीची होती. त्यानंतरच्या सात चिठ्ठ्यांवर एकच वाक्य होतं, ‘तीच गोळी चालू ठेवा’. त्यातल्याच एका चिठ्ठीवर, गुडघे दुखतात म्हणून, दोन वर्षांपूर्वी कॅल्शियमची गोळी वाढवलेली. वेळ, सकाळी. तेव्हापासून ती दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेत आली होती.

मग तिने थायरॉइडच्या गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला. मुंगीच्या पायाएवढ्या टायपात लिहिलं होतं की थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून निदान चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर ती अंगी लागत नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं एक गोळी दुसरीचा गळा धरून बसली होती, आणि दोन्ही गोळ्यांखाली सही एकाच माणसाची होती.

दुसऱ्या दिवशी तिने फाइल डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवली. ते हसले. “हल्ली सगळेच इंटरनेट वाचून येतात.”

“इंटरनेट नाही. तुमच्याच चिठ्ठ्या वाचून आलेय,” ती म्हणाली. “तीन वर्षांत रक्त तपासलेलं नाही. आणि या दोन गोळ्या एका वेळी द्यायच्या नसतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं की सांगायचं राहिलं?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तपासणी मात्र लिहून दिली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा जो आकडा साडेचारच्या आत हवा, तो एकोणीस आला. डोस थेट दुप्पट करू, असं ते म्हणाले तेव्हा तिने पुन्हा विचारलं, “आधी गोळ्यांच्या वेळा बदलून बघू या का? दोन्ही एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळणार कसं?” हे बरोबर आहे, असं ते म्हणाले.

कॅल्शियम जेवणानंतर रात्रीवर गेलं. दोन महिन्यांनी आकडा सातवर उतरला. मग डोस थोडासा वाढवला, आणखी दोन महिन्यांनी परत रक्त दिलं, तेव्हा कुठे तो जागेवर आला. रातोरात काही झालं नाही. आधी थंडी गेली, मग आवाजाचा घोगरेपणा. एका सकाळी अख्खं पान एका दमात वाचून झालं आणि त्यात तिला अकरा चुका सापडल्या. ती कामावर परतली. नवरा कौतुकाने म्हणाला, बघ, मन रमवलंस की बरं वाटतं.

राग काही तिचा ओसरला नाही. गेलेली दोन वर्षं कोण भरून देणार होतं? पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, “पाहिलंत, लागू पडली की नाही गोळी?” तिने चिठ्ठी त्यांच्यापुढे परत सरकवली आणि कोणती गोळी कधी, कशाबरोबर, हे सगळं त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं. वाचता येईल असं लिहा, म्हणाली.

बाहेर बाकावर एक म्हातारी बाई थायरॉइडच्या तशाच गोळ्यांची बाटली हातात धरून बसली होती. चाळणीने विचारलं, “मावशी, ही गोळी कशाबरोबर घेता?”

“दुधाबरोबर. का गं?”

चाळणी पिशवी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली.