डॉक्टर पारखणारी शेळी

आमचे जुने गुरांचे डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले, तेव्हा नवीन डॉक्टर कोण यावर आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. मला सासूबाईंनी एक कप चहा करायला लावून पसंत केलं होतं. डॉक्टरला मात्र त्या इतक्या स्वस्तात सोडणार नव्हत्या.

महाडजवळच्या नाते गावापासून चालत वीस मिनिटांवर आमची वाडी. घरात एक गाय, चार शेळ्या आणि नवऱ्याने औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या गेटवरून उचलून आणलेला एक कुत्रा. नवरा त्याच कारखान्यात पाळीवर जातो, मी शाळेत शिकवते, आणि गुरं म्हणजे सासूबाईंचं राज्य. त्या राज्यात माझी डाळ शिजत नाही. त्यातून गाय पहिल्यांदाच गाभण होती, त्यामुळे राज्यात जरा आणीबाणीच होती.

पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली की बायका तासभर गप्पा मारतात. त्या पौर्णिमेला विषय एकच होता. प्रत्येकीचा डॉक्टर वेगळा आणि प्रत्येकीच्या मते त्याच्या हाताला गुण. खरं सांगायचं तर आमच्याकडे जो सुई टोचल्याशिवाय जातो तो डॉक्टरच नव्हे, आणि जो सलाईन लावतो तो थेट मोठा डॉक्टर. मी महाडच्या बाजारपेठेतल्या काचेच्या दाराच्या दवाखान्याचं नाव पुढे केलं, कुत्र्याला मी तिथेच नेत होते.

"तो कुत्र्यामांजरांचा," सासूबाई म्हणाल्या. "गाईला काय त्याच्या टेबलावर चढवू, गो?"

मग त्यांनी स्वतःच परीक्षा काढली. आमची एक काळी शेळी आहे, पांढऱ्या कानांची. खादाडपणात तिचा हात कोणी धरणार नाही. एकदा तिने सहामाहीच्या चार उत्तरपत्रिका खाल्ल्या, आणि ज्या चौघांना मी पुन्हा पेपर लिहायला लावला त्यांनी तिला अजून माफ केलेलं नाही. या ठणठणीत शेळीला आजारी म्हणून दाखवायचं आणि डॉक्टर काय करतो ते बघायचं, असा सासूबाईंचा बेत. जो औषध देईल तो नापास.

पहिला डॉक्टर मोटरसायकलवरून आला. "रातीपासून खाल्लान नाय," एवढं सासूबाई म्हणेपर्यंत त्याची सुई बाहेर. शेळी ओरडली, तो गेला, सासूबाईंनी मान हलवली. दुसरा पोलादपूरच्या बाजूचा, सगळ्यांचा लाडका. त्याने आंब्याच्या फांदीला सलाईनची बाटली टांगली. अर्धी वाडी बघायला जमली. बाटली अर्धी उतरली असेल-नसेल, तेवढ्यात शेळीने डॉक्टरच्या पिशवीचा बंद चावून गिळला.

"बघा, गुण आला!" डॉक्टर खूश होऊन म्हणाला.

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसले, आणि हसून झाल्यावर चिडले. बिचाऱ्या जनावराला दोनदा टोचलं होतं. "आई, दर पौर्णिमेला खोटं बोलणार नाही म्हणून शील घेता ना? मग हे काय?"

"मी कुठं खोटं बोलले? रातीपासून खाल्लान नायच. निजलेली शेळी खाते होय?"



तिसरी आली ती गुरांच्या सरकारी दवाखान्यात नव्याने रुजू झालेली डॉक्टरीण. तिशीच्या आतबाहेरची, पायात गमबूट, आवाज खणखणीत. तिने शेळीला हातही लावला नाही. अंगणातल्या दगडावर बसली, थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "फणसाचा पाला आहे का? एक फांदी आणा."

मी फांदी आणली. शेळीने पानं संपवली, देठ संपवले, आणि फांदीची सालही सोलायला घेतली. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी आभाळाकडे पाहिलं.

"आता बरी झालीशी वाटते," सासूबाई म्हणाल्या. पण आनंद त्यांच्या पोटात राहीना. "पास झालीस गो पोरी! दोघांना पाडलान माज्या शेळीनं!" असं म्हणून त्यांनी सगळी परीक्षा तिला सांगून टाकली.

मला वाटलं ती हसेल. ती उठून उभी राहिली. "आजी, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका गावात एक म्हैस खरंच आडवी पडलीय. तुमची शेळी अगदीच अत्यवस्थ असेल म्हणून आधी इकडे आले. ती म्हैस माझी वाट बघतेय." गमबूट आपटत ती गेली. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. माझाही झाला. इतके दिवस मी चिडत होते खरी, पण फणसाची फांदी आणून देताना मीही खरं सांगितलं नव्हतं.

म्हैस वाचली, हे नंतर कळलं. पण आमची पत गेली ती गेली. पुढच्या दोन महिन्यांत मी तिला दोनदा फोन केला, एकदा कुत्र्याच्या लसीसाठी आणि एकदा शेळीच्या खुरासाठी. दोन्ही वेळा तिचा पहिला प्रश्न तोच होता, "खरं सांगताय ना?" ती यायची, काम चोख करायची, चहा घ्यायची नाही. सासूबाई मात्र ठाम होत्या. "हीच आपली डाक्टर."

"अहो, पण आपण तिला नकोसे झालोत!" मी म्हणायचे.

एका रविवारी सकाळी गाईला कळा सुरू झाल्या. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. पाणमोट फुटली, गाय आडवी पडली, आणि तास झाला तरी बाहेर फक्त एक खूर. सासूबाई गाईच्या डोक्याशी बसल्या होत्या. तेव्हा त्यांनी सांगितलं, की मी या घरात यायच्या आधी त्यांची एक गाय अशीच अडली होती. त्यांनी बोलावलेला कुणी एक माणूस सुयांवर सुया देत राहिला, आत हात घालून बघितलंच नाही, आणि सूर्य मावळायच्या आत गाय आणि वासरू दोन्ही गेली. "त्याला मीच निवडलेला," त्या म्हणाल्या. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक का फुंकतं, ते मला तेव्हा कळलं, आणि इतके दिवस त्यांच्यावर केलेल्या चिडचिडीची लाज वाटली.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "खरं सांगताय ना?"

"एक पाय दिसतोय. खुराचा तळवा खाली आहे. तोंड दिसत नाही. आतलं मला काही कळत नाही, आणि मी घाबरलेय."

ती म्हणाली, "पोलादपूरला आहे. तासभर लागेल. ओढू नका. कुणालाही ओढू देऊ नका."

तो तास कसा गेला ते विचारू नका. येणारा-जाणारा प्रत्येक जण दोरी बांधून ओढायचा सल्ला देत होता, आणि सासूबाई काठी घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या होत्या.

ती आली. खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि जमिनीवर पालथी पडली. "दुसरा पाय मागे दुमडलाय," ती म्हणाली. वासराला आत ढकलायचं, पाय सरळ करायचा, मग गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं. ओढायला मी आणि सासूबाई. "आता!" म्हटलं की ओढायचं, "थांबा!" म्हटलं की थांबायचं. शाळेत पोरांना कवायत शिकवणारी मी, तिथे पोरांसारखी हुकूम पाळत होते. शेवटच्या कळेला वासरू सटकन बाहेर आलं आणि मी शेणात बसकण मारली.

वासरू हलेना. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, गोणपाटाने खसाखसा अंग चोळलं. मग वासराला एक जंगी शिंक आली.

जीव भांड्यात पडला म्हणतात, तो आवाज मी त्या दिवशी जवळजवळ ऐकला. कालवड होती, लाल, कपाळावर चांदणी. गाय तिला चाटायला लागली. सासूबाई रडत होत्या, हसत होत्या, आणि डॉक्टरीणबाईंच्या गालावरून शेणाने माखलेला हात फिरवत होत्या. मला इतका आनंद झाला होता, की मी वाटेवरच्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना बोलावून कालवड दाखवली.

वार, म्हणजे गर्भाभोवतीचं वेष्टण, अजून पडायची होती. जाताना तिने बजावलं, "वार पूर्ण पडली का ते नीट बघा आणि मला कळवा. आत तुकडा राहिला तर गाईला ताप येईल."

बघायचं काम सासूबाईंनी घेतलं. दुपारी मी पडल्या पडल्या झोपले. जाग आली तेव्हा ओटीवर सासूबाई माझा फोन कानाला उलटा धरून बसल्या होत्या. स्वतःहून त्यांनी कधी कुणाला फोन लावला नव्हता. मी तो सुलटा करून दिला.

"डाक्टरीणबाय, मी म्हातारी बोलते. वार पडली." पूर्ण पडली म्हटलं असतं तर काम झालं असतं. "पण अख्खी पडली का ते मी नाय बगितलं. कालवडीकडं बगत बसले, तंवर कुत्र्यानं ती वढून नेलीन. माजी चूक झाली, गो."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. सासूबाईंनी फोन खाली ठेवला.

"उद्या सकाळी गाय बघाया येते म्हणाली," त्या हळूच म्हणाल्या. "खरं सांगताय का, असं इचारलान पन नाय."