मुकादम मॅडमच्या राजकन्या

अकरावीच्या पहिल्या तासाला मुकादम मॅडम पुस्तक उघडायच्याच नाहीत. मुलांकडे पाठ करून फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत युरोपातल्या राजघराण्यांची वंशावळ काढायच्या. मुलगे निळ्या मार्करनं, मुली लाल. निळी नावं आपापल्या जागी मुकाट उभी असायची. लाल नावांपासून रेघा निघायच्या, व्हिएन्नाहून फ्रान्सला, कोपनहेगनहून रशियाला, लिस्बनहून लंडनला. पंधरा मिनिटांत फळ्यावर नुसतं जाळं. मग त्या वळायच्या आणि म्हणायच्या, "लढाई मागाहून. आधी सोयरीक." बाकी तास इंग्रजीत चाले, पण हे एवढं मराठीतच. वर्गातली मल्याळी आणि तमिळ पोरंसुद्धा ते वाक्य झोकात म्हणायची.

झुबेदा मुकादम त्यांचं नाव. दापोलीच्या बाजूचं खाडीकाठचं गाव. शारजातल्या आमच्या शाळेत त्यांनी एकवीस वर्षं इतिहास शिकवला. मी सुनीता जगताप, साताऱ्याची, त्याच शाळेत गणित शिकवते. चौदा वर्षं स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी होती आणि शाळेच्या बसमध्येही आमची सीट ठरलेली. त्या मला अगं-तुगं करायच्या, मी त्यांना अहो-जाहो. आता त्या नाहीत. त्यांच्यावर लिहायचं तर डोळ्यांत पाणी वगैरे यायला हवं, ते काही येत नाही. काय घडलं तेवढं क्रमानं सांगते, गणितवालीला दुसरं काय येणार.

प्रत्येक लाल नावाला त्यांचे चार प्रश्न असायचे. लग्नात तिचं वय किती? माहेरापासून किती दिवसांचा प्रवास? तिथली भाषा येत होती का? आणि तिला कुणी विचारलं होतं का? पहिल्या तिन्हींची उत्तरं पोरं शोधून आणायची. चौथ्याला सगळा वर्ग एका सुरात "नो मॅम" म्हणायचा. माझा वर्ग शेजारी, मधे लाकडी पार्टिशन. माझी पोरं समीकरणं सोडवत असताना पलीकडून "नो मॅम, नो मॅम" ऐकू यायचं. एकदा एका पालकानं तक्रार केली, की बोर्डाच्या परीक्षेत राजकन्यांची वयं विचारत नाहीत. प्रिन्सिपलनी बोलावून घेतलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, पोर्शन डिसेंबरच्या आत संपतो, निकाल तुमच्यासमोर आहे, राहिलेल्या वेळात मी काय शिकवते ते माझं मला ठरवू द्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "राज्य बापाचं, सही बापाची, प्रवास पोरीचा. एवढं जरी कळलं तरी यांना सगळे तह कळतील, गो."

ऑस्ट्रियाच्या एका राजकन्येची गोष्ट त्या दरवर्षी सांगायच्या. पोरगी चौदा वर्षांची, फ्रान्सच्या राजपुत्राला दिलेली. दोन देशांच्या मधे नदी, नदीत बेट, बेटावर खास उभारलेला मंडप. ऑस्ट्रियाच्या बाजूनं ती आत शिरली. तिथं तिच्या अंगावरचं माहेरचं सगळं उतरवून फ्रान्सचे कपडे चढवले, सोबतच्या बायकांना परत पाठवलं आणि दुसऱ्या दारानं ती फ्रेंच होऊन बाहेर पडली. डेन्मार्कच्या एका पोरीचा ठरलेला नवरा लग्नाआधीच गेला, तर तिला त्याच्या धाकट्या भावाला दिलं. तिचा धर्म बदलला, नाव बदललं. "दिल्या घरी सुखी राहा, हे फक्त आपल्याकडं म्हणतात असं समजू नकोस," मॅडम म्हणायच्या. पुढं त्याच घराण्यांतली आत्ते-मामे भावंडं तीन-तीन सिंहासनांवर बसली आणि एकमेकांशी लढली. सोयरिकीनं लढाया थांबतात यावर मॅडमचा काडीचा विश्वास नव्हता.

एक भाग मात्र वर्गात सांगण्यासारखा नव्हता. तो स्टाफरूममध्ये, डबा खाताना. नवरदेव दूर देशी असला की लग्न वकिलामार्फत लागायचं. मुलीच्या गावच्या चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी तिचाच भाऊ किंवा काका उभा राहायचा. काही ठिकाणी तर नवऱ्याचा वकील भर दरबारासमोर एक पाय उघडा करून वधूच्या पलंगावर ठेवायचा, की झालं लग्न पक्कं. आम्ही सगळ्या तोंडाला पदर आणि ओढण्या लावून हसलो. मॅडम हसल्या नाहीत. तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "हसू नका. माझंही तसंच लागलंय. पाय तेवढा नव्हता."

ते लग्न मग बसमध्ये कळलं, हप्त्याहप्त्यानं. मॅडम एकोणीस वर्षांच्या. नवरा दुबईत, देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत. त्याला रजा मिळेना आणि घरच्यांना दम निघेना. शेवटी निकाह गावात लावला. नवऱ्याच्या जागी वकील म्हणून त्याचा थोरला भाऊ बसला. गावात फोन एकच, सावकाराच्या ओटीवर. त्यावरून नवऱ्याला ऐकवायचं ठरलं होतं, पण लाइन मधेच गेली, त्यामुळे स्वतःच्या लग्नातलं निम्मंच त्या माणसाला ऐकू आलं. आतल्या खोलीत वडील आणि दोन साक्षीदार मॅडमना विचारायला आले. रीतीप्रमाणं तीन वेळा विचारलं. मागं आत्या बसली होती, तिचा हात मॅडमच्या मानेवर. "मान हलली ती माझी, हलवली ती आत्यानं," मॅडम म्हणाल्या.

तीन महिन्यांनी दुबईला उतरल्या, तेव्हा विमानतळावर एक टक्कल पडलेला माणूस हातात त्यांच्या नावाचा कागद घेऊन उभा होता. फोटोतल्या नवऱ्याला तर दाट केस. मॅडमना वाटलं, कंपनीचा ड्रायव्हर आला. सामानाची गाडी त्याच्याकडे ढकलून विचारलं, "साहेब कुठायत?" हे सांगताना त्या बसमध्ये इतक्या हसल्या की पुढच्या सीटवरची चिल्लीपिल्ली वळून बघायला लागली. मुकादमसाहेब स्वभावानं फार चांगले होते. बायकोला पुढं शिकवलं, बी.एड. करायला लावलं, आणि मुलगी शिफा सातवीत असताना ऑफिसातच हृदय बंद पडून गेले. मी एकदा म्हटलं, बघा, न विचारता झालेलं लग्न शेवटी चांगलंच निघालं ना. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "नशिबानं निघालं. नशिबानं, गो. त्याला विचारणं म्हणत नाहीत."

शिफा त्यांची एकुलती एक. इथंच जन्मली, इथंच वाढली. आई मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं त्यात छान चालायचं. इंटिरिअर डिझाइनचं शिक्षण संपून ती नोकरी शोधत होती, तेवढ्यात मॅडमचा खोकला थांबेना. महिन्याभरात डॉक्टरनी सांगितलं, फुप्फुसाचा कॅन्सर, आणि पुढं गेलेला. औषधानं थोडे दिवस वाढतील, इन्शाल्ला. मॅडमनी उपचारांचं विचारलं नाही. "शिफाचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, मी गेल्यावर तिला किती दिवस इथं राहता येईल?" हे विचारलं. डॉक्टर काय सांगणार बिचारे. नोकरी नाही, बाप नाही, गावात कुलूप लावलेलं घर. इथं जन्मून तिच्या नावावर इथलं काहीच नव्हतं.

त्याच सुमारास स्थळ आलं. नात्यातलंच कुटुंब, दोन पिढ्यांपूर्वी केपटाउनला गेलेलं. मुलगा फार्मासिस्ट, सालस, घरचं बरं. शिफा दोनदा व्हिडिओवर त्याच्याशी बोलली. त्या लोकांना घाई नव्हती. घाई मॅडमना होती.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी हॉस्पिटलमध्ये गेले. मॅडमच्या नाकाला नळी, बोलताना दम लागत होता. त्यांनी मला खुर्ची पलंगाजवळ ओढायला लावली.

"मी विचारलं तर ती हो म्हणेल. मरणाऱ्या आईला नाही कोण म्हणतं? तू विचार. नाही म्हणाली तर नाही, मीच त्यांना कळवीन. पुढचं पुढं बघू. मला फक्त तिचं खरं उत्तर आणून दे."

मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये शिफाला घेऊन बसले. दोन करक, म्हणजे इकडचे कडक दुधाचे चहा घेतले. मी नीट विचारलं. आईनं तुला विचारायला सांगितलंय, तुझं जे असेल ते सांग, नाही म्हणालीस तर ती ते मोडणार आहे, असं सगळं व्यवस्थित मांडलं. शिफानं चहाच्या कपाची कड नखानं कुरतडली. "ही इज नाइस, आंटी. दॅट्स नॉट द पॉइंट. आय डोन्ट वॉन्ट इट." मग म्हणाली, "मी तिला नाही सांगू शकत. प्लीज, यू टेल हर." एवढं एक वाक्य तिनं अर्धं मराठीत म्हटलं.

मी लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेले. लिफ्टमध्ये वाक्य जुळवलं: मॅडम, तिला तूर्त नकोय, पण काळजी करू नका, माझ्याकडे राहील, नोकरी लागेपर्यंत मी बघते. चांगलं वाक्य होतं. खोटंही नव्हतं, मला खरंच तिला ठेवून घेता आलं असतं. आत गेले. मॅडम दाराकडेच बघत होत्या.

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

का म्हटलं, याची कारणं मला देता येतील. व्हिसा, चांगलं स्थळ, आईचा शेवट सुखाचा व्हावा. ती सगळी मी नंतर गोळा केली. त्या क्षणी यातलं एकही मनात नव्हतं. त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून हो गेलं.

"नीट विचारलंस ना?"

"नीट विचारलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "आमच्यात ही पहिलीच, गो. जिला विचारलं."

संध्याकाळी त्यांनी केपटाउनला फोन लावला. शुक्रवारी नमाजानंतर निकाह ठरला, हॉस्पिटलच्या त्याच खोलीत. शिफाचे काका मुंब्र्याहून आले. नवऱ्याच्या जागी वकील म्हणून त्याचा देऱ्यातला मावसभाऊ बसला, आणि तो स्वतः टॅबलेटच्या पडद्यावर, कोट घालून. त्याआधी शिफानं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "यू टोल्ड हर?" मी म्हटलं, सांगितलं. ती पुढचं ऐकायला थांबली. मी म्हटलं, फार थकलीय गं ती. शिफानं मान डोलावली. "ओके," म्हणाली आणि आत गेली.

काकांनी तिला तीन वेळा विचारलं. तिच्या मानेवर कुणाचा हात नव्हता. तिन्ही वेळा ती स्पष्ट आवाजात हो म्हणाली, आणि तिन्ही वेळा तिनं आईकडे पाहिलं. मॅडम हसत होत्या. मी लाडू वाटले. मला आठवतं, लाडू थोडे कोरडे झाले होते.

नऊ दिवसांनी मॅडम गेल्या. दफनाला पुरुष गेले, आम्ही बायका घरी बसलो. शाळेत दोन मिनिटं मौन पाळलं आणि तिसऱ्या मिनिटाला बेल झाली. मी माझा तास घेतला. वर्गसमीकरणं होती.

केपटाउनचा व्हिसा यायला दोन महिने लागले. तेवढे दिवस शिफा माझ्याकडेच राहिली. स्वयंपाकघरात मला मदत करायची, माझ्या मुलाचं ड्रॉइंग करून द्यायची. एकदाही रडली नाही आणि एकदाही काही विचारलं नाही. रोज सकाळी उठताना मी ठरवायची, आज सांगायचं. ठेवून घेणं इतकं सोपं होतं, हे त्या दोन महिन्यांत मला कळलं. त्याचंही मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

विमानतळावर सामान देऊन झाल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली.

"जेव्हा तुम्ही तिला सांगितलं, की मी नो म्हटलं... व्हॉट डिड शी से?"

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच बोलली नाही."

शिफानं बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "सगळी लाइफ त्या प्रिन्सेसेसचं सांगत राहिली. देन शी डिड इट टू मी." आवाजात राग नव्हता. "आय रिअली थॉट शी मेंट इट व्हेन शी आस्क्ड, आंटी." मग तिनं मला मिठी मारली, तुम्ही खूप केलंत म्हणाली, आणि आत गेली.

आता अधूनमधून तिचे फोटो येतात. समुद्र, डोंगर, नवरा. ईदला फोन करते. आईचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. मॅडमचा एक फोटो तिच्याकडे पाठवला होता, शाळेच्या निरोप समारंभातला, त्यावर तिनं नुसता अंगठा टाकला.

मॅडमनी तिला खरंच विचारलं होतं. मरता मरता दम लागत असताना तेवढंच एक काम त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि ते माझ्याकडे दिलं होतं. हे कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिलंय. मराठीत लिहिलंय. शिफाला मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचता येत नाही. लिहायला बसले तेव्हाच मला हे माहीत होतं.