तात्यांचा रेंगाळलेला हात

तुम्ही कधी ढोलकीवाल्याला, त्याचीच ढोलकी ऐकवून, कान तपासून घ्यायला सांगितलंय का? मी सांगितलंय. तो ढोलकीवाला माझा सख्खा चुलता होता.

तात्यांनी तरुणपणी तमाशात ढोलकी वाजवली. त्याची एकच खूण उरली होती: एका लावणीची छोटी तबकडी. ती वाजवायला घरात यंत्रच नव्हतं, त्यामुळे तात्यांनी कित्येक वर्षांत स्वतःचा हात ऐकला नव्हता. म्हणून मी पुण्याहून रेकॉर्ड प्लेअर घेऊन ओतूरला आले.

मोबाइलने यंत्राची पातळी पाहिली, छोट्या वजनकाट्यावर सुईचं वजन केलं (मी विज्ञाननिष्ठ आहे) आणि सुई टेकवली. ढोलकी सुरू झाली, म्हणजे चिखलातून बैल चालावा तशी. मांडीवर ताल धरायला निघालेली तात्यांची बोटं थांबली.

"ह्यो हात माजा न्हाई."

मी त्यांना पातळी दाखवली, वजन दाखवलं. सगळं मापात आहे, तेव्हा एकदा कान दाखवून घ्या, असंही सुचवलं.

"कान म्हातारं झालं आसतील, बाय," तात्या म्हणाले. "हात तवा तरणा व्हता."

मला ते पटलं आणि मी पेटले. कान खरे, यंत्रही खरं. म्हणजे लबाडी तबकडी काढणाऱ्यांची! वेष्टणावर नाव तात्यांचं, आत वाजवणारा भलताच! तासाभरात पत्रक तयार झालं: 'कलावंताचा हात चोरणाऱ्यांचा जाहीर निषेध'. शंभर प्रती काढून एसटी स्टँडवर स्वतः वाटल्या. एका गृहस्थांनी विचारलं, कुणाचा हात तुटला? त्यांना नीट समजावेपर्यंत त्यांची गाडी गेली.

परतले तर तात्या तबकडी माळ्यावर टाकायला निघाले होते. ओझरच्या गणपतीचं दर्शन करून आलेल्या काकूने ती हट्टाने पुन्हा लावायला लावली. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली,

"ढोलकीचं ऱ्हाऊ द्या. गाणारी बाई व्हती ना? मग ह्यो बाप्या कोण गातोय?"

(तात्या आयुष्यभर गाण्यात फक्त ढोलकीच ऐकत आले. आणि मी, पुरुषही लावणी गातात म्हणून मनातल्या मनात त्याचं स्वागत केलं होतं.)

यंत्राच्या कडेला वेगाचं बटण होतं. ते मोठ्या तबकडीच्या तेहतीसवरून छोट्या तबकडीच्या पंचेचाळीसवर सरकवलं. बाप्याची बाई झाली, ढोलकी उधळली आणि तात्यांची बोटं मांडीवर तिच्या बरोबरीने पळू लागली.

"ह्यो मी," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "आन् त्या शंभर जणांस्नी आता कोण सांगनार?"

मीच सांगते. ते पत्रक ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया निषेध मागे घ्यावा. कागदाची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर किराण्याची यादी करावी.