पेट्रोलचा पळ, डिझेलची ओढ

आमच्या थोरल्या साडूंइतका उशिरा ठरवणारा आणि एकदा ठरवलं की तसूभर न हलणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. चपलेचा जोड घ्यायचा तर ते सिरसाळ्याच्या बाजारात तीन आठवडे नुसते चालून बघत. दुकानदाराच्याच चपला घालून दुकानापुढं येरझारा घालायच्या, मग काढून ठेवायच्या आणि "पुढल्या बाजारी बघू" म्हणून अनवाणी घरी यायचं. चौथ्या आठवड्याला जो जोड घेतला तो मात्र सहा वर्षं पायात. त्यापेक्षा चांगला कुणी फुकट दिला तरी नको. लग्नाच्या वेळी ते माझ्या सासुरवाडीला मुलगी बघायला आले. पोहे झाले, चहा झाला, बाकीची मंडळी उठली, तरी हे बसूनच. माझ्या सासऱ्यांनी घाबरून विचारलं, "काही अडचण?" तर म्हणाले, "अडचण न्हाई. बघून झालं न्हाई." दिवेलागणीला त्यांनी होकार दिला, आणि त्यानंतर अक्काबद्दल, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीबद्दल, कुणी वाकडा शब्द काढलेला त्यांनी ऐकून घेतला नाही. एका दिवसात लग्न ठरवणं हा त्यांच्या आयुष्यातला घाईत घेतलेला एकमेव निर्णय. अक्का अजून तसं म्हणते.

मी तेव्हा एका सहकारी खरेदी-विक्री संघात कारकून होतो. साडू त्यांच्या गावातल्या निम्म्या घरांसारखे दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून अक्कासह ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मी खुर्चीत आणि ते उसाच्या फडात, हा फरक त्यांना कधी जाणवला नाही. मला जाणवायचा. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ तिथंच आहे.

फडावर राहायचं म्हणजे उसाच्या पाचटाची कोपी, बुटकी झोपडीच. आत वाकून जायचं, ओल्या जमिनीवर झोपायचं, आणि तीन दगडांच्या चुलीचा धूर पाचटातून वाट काढीपर्यंत आपणच गिळायचा. अक्काला दमा होता. एका हंगामात तिला अशी धाप लागली की आडवं होता येईना. महिनाभर ती बैलगाडीच्या चाकाला पाठ लावून, बसून झोपली. परत आल्यावर साडूंनी आमच्या घरी चहा पिता पिता जाहीर केलं, "पुढल्या साली एक तर ही येनार न्हाई, न्हाईतर कोपी येनार न्हाई." तिला मागं ठेवायचं म्हणजे पाच महिने एकमेकांचं तोंड बघायचं नाही. ते दोघांपैकी कुणालाच मंजूर नव्हतं. म्हणून त्यांनी चाकावरचं घर बांधायला घेतलं.

एका मोडक्या ट्रॉलीचा सांगाडा त्यांनी कुठून तरी मिळवला, त्यावर फळ्या ठोकल्या, वर पत्रा घातला. आत दोन बाकं, झोपायला. चुलीसाठी मागच्या बाजूला पत्र्याचा वेगळा कोनाडा, धूर बाहेरच्या बाहेर जाईल असा. खिडकी कापायच्या आधी त्यांनी अक्काला बाकावर बसवलं, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कोळशानं रेघ मारली आणि मग तीन दिवस ती रेघ बरोबर आहे की नाही याचा विचार केला. गावात चेष्टेला ऊत आला. पारावरचा एक जोडीदार म्हणाला, "काय बे, ऊस तोडायला चाललास का सहलीला?" साडूंनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "दोनी."

घर तयार झालं आणि त्या साली पावसानं ओढ दिली ती दिलीच. चारा संपला, पाणी टँकरवर आलं, आणि साडूंना बैलजोडी विकावी लागली. तोडणीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रॅक्टरला घर जोडायची सोय नव्हती. त्यामागं आधीच दोन ट्रॉल्या आणि सगळी टोळी. म्हणजे घर ओढायला स्वतःचं काहीतरी हवं. बैलांच्या जागी जुनी जीप घ्यायची असं ठरलं, आणि एवढंच ठरायला आषाढ संपला. त्यानंतर खरा प्रश्न उभा राहिला: पेट्रोलची की डिझेलची?

साडूंनी उभ्या जन्मात बैलांखेरीज काही पारखलं नव्हतं, तेव्हा जीपही ते बैलासारखीच पारखू लागले. बॉनेट उघडून आत बघण्याला ते "दात बघनं" म्हणत. गाडी सुरू असताना मडगार्डवर थाप मारून ती कुठं थरथरते ते बघत. आधीच्या मालकाला पहिला प्रश्न ठरलेला, "खोड काय हाय?" गेवराईला एका गॅरेजात डिझेलची एक जीप होती. अंग पेट्रोलच्या जीपचं, आत इंजिन मात्र दुसऱ्या कुठल्या गाडीचं डिझेलचं बसवलेलं. ती बघायला आम्ही दोघं गेलो होतो. सगळं बघून झाल्यावर साडूंनी खांद्यावरचा टॉवेल गॅरेजवाल्याच्या हातावर टाकला आणि बैलबाजारात करतात तसा टॉवेलाखाली त्याची बोटं धरून भाव करायला लागले. गॅरेजवाला शहरात वाढलेला. तो हात ओढून घेत माझ्याकडं बघून म्हणाला, "साहेब, हे काहून हात दाबायलेत माझा?" मी लाजून दुसरीकडं बघितलं. माझी ती सवयच होती.

पेट्रोलची जीप आमच्या संघाचीच होती. संघानं नवी गाडी घेतली होती आणि जुनी विकायला काढली होती. मी ड्रायव्हरला गळ घालून एका रविवारी ती मागून घेतली, आणि गेवराईवालाही आपली घेऊन आला. घाटनांदूरच्या रस्त्यावरच्या एका चढाला साडूंनी परीक्षा ठेवली. चाकावरच्या घरात अकरा माणसं भरली, पारावरच्या त्या चेष्टेखोर जोडीदारासकट. पेट्रोलची जीप निघाली ती अशी की आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर गेली. पण अर्ध्या चढाला तिचा जीव गेला, तोंडातून वाफ यायला लागली आणि अकराही जणांना उतरून मागून हात लावावा लागला. डिझेलची धडधडत, काळा धूर सोडत, एका चालीनं वर गेली. ती चाल इतकी निवांत होती की एक म्हातारबा मधेच उतरून झुडपाआड जाऊन आले आणि चालत येऊन पुन्हा आत बसले. साडू वर उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "पेट्रोलला पळ हाय. डिझेलला ओढ हाय."

त्या दिवसापासून त्यांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसू लागली. मुकादम डिझेल, कारण घाण सोडतो पण टोळी पोचवतो. नवे तलाठी पेट्रोल. माझी बायको डिझेल, हे त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी हसत हसत विचारलं, "आणि मी?" त्यांनी नेहमीप्रमाणं बराच वेळ घेतला. "तुमी पेट्रोल, पाव्हनं. आवाज न्हाई, घान न्हाई, चावी फिरवली की चालू. चढाला मातुर उतरून हात लावावा लागतो." यात त्यांना टोमणा मारायचा नव्हता. ते नुसतं बघितलेलं सांगत होते.

सगळ्यांना वाटलं, आता डिझेलच. पण साडूंची एक परीक्षा राहिली होती. दुसऱ्या रविवारी त्यांनी अक्काला घराच्या खिडकीशी बसवलं, पुढं जीप जोडून ती अर्धा तास नुसती सुरू ठेवली आणि स्वतः समोर उकिडवे बसून तिच्या छातीकडं बघत राहिले. पेट्रोलच्या अर्ध्या तासात अक्कानं एक पायली मूग निवडले. डिझेलच्या वेळी तिनं सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि जराशानं हातानंच "पुरे" अशी खूण केली. साडू उठले. त्यांनी डिझेलची किल्ली गेवराईवाल्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "पेट्रोल." मी चढाची आठवण दिली. ते म्हणाले, "ओढ कमी पडली तर आमी उतरून ढकलू, पाव्हनं. श्वास कुठून ढकलायचा?"

संघाची जीप घ्यायची तर मुदतीच्या आत अर्ज द्यायचा होता. साडूंनी शाळेच्या मास्तरांकडून तो लिहून घेतला, खाली सही केली, चार घड्या घालून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "तुमी आतलेच हाव, तुमच्या हातानं पोचल." मी चावी फिरवल्यासारखा लगेच हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेलो, तेव्हा आत चार संचालक चहा पीत होते. त्यातला एक म्हणाला, "ऐकलं का, ऊसतोडेसुद्धा जीप मागायलेत म्हणं. आता कोयता धरून स्टेरिंग फिरवतील." सगळे हसले. मीही हसलो. कागद माझ्या खिशात होता आणि त्यावरचं नाव माझ्या साडूंचं होतं, हे त्या खोलीत कुणाला कळू नये एवढंच मला त्या घटकेला वाटलं. मी कागद परत आणून खणात ठेवला. उद्या देऊ म्हटलं. उद्या शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी मुदत संपलेली. साडू विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, "नंबर लागला नाही." त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी आणलेली शेवग्याची जुडी टेबलावर ठेवून गेले.

हंगाम तोंडावर आला होता. दुसरी पेट्रोलची जीप मिळेना. साडूंनी जाऊन तीच डिझेलची आणली, आणि एकदा आणल्यावर तिच्यापुढं हात टेकायला ते तयार नव्हते. त्यांनी सायलेन्सरला जोडनळ्या लावून तो जीपच्या टपावरून पार घराच्या पत्र्याच्या वर नेला आणि टोकाला डब्याचं टोपण बसवलं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, गुऱ्हाळच रस्त्यानं चाललंय. जीपचा सेल्फही चालत नव्हता. मागून ढकलल्याशिवाय ती सुरू होत नसे. ढकलायला दम लागतो, तो अक्काकडं नव्हता. म्हणून ढकलणारे साडू आणि स्टेरिंगला अक्का. ते मागून ओरडायचे, "सोड," ती क्लच सोडायची, गाडी हिसका देऊन सुरू व्हायची, आणि अक्का ती तशीच थोडी पुढं नेऊन थांबवायची. पहिल्या आठवड्यात ती शाळेच्या कुंपणापर्यंत न्यायची. दिवाळीपर्यंत सिरसाळ्यापर्यंत न्यायला लागली, आणि साडू शेजारी बसून डाव्या बाजूची गुरं हाकलायचे.

ते गेले. हंगामभर फडावरून येणारे जाणारे निरोप आणत. अक्का बाकावर झोपते, पाय पसरून झोपते, असा पहिला निरोप. खिडकीशी बसून जेवते, असा दुसरा. पौषात तिसरा आला: खराब रस्त्यावर नळीचा जोड निघाला, सगळा धूर खिडकीतून आत गेला, आणि अक्का आठ दिवस दवाखान्यात होती. ज्यानं सांगितलं तो सहज सांगून तंबाखू मळायला लागला. मी उठून कपाटामागं गेलो आणि उगीच फायली लावत राहिलो. खणात तो चार घड्यांचा कागद अजून होता.

पाडव्याच्या सुमारास ती दोघं परतली. त्यांच्या अंगणात जीप उभी राहिली तेव्हा स्टेरिंगला अक्काच होती. वाळली होती, पण उतरली ती कुणाचा हात न धरता. मी त्या दिवशी ठरवून गेलो होतो. पाणी प्यायच्या आधीच म्हणालो, "तो अर्ज मी दिलाच नव्हता. माझ्या खणात राहिला." का राहिला तेही सांगितलं. संचालक काय म्हणाले, मी कसा हसलो, सगळं.

अक्का पहिल्यांदा बोलली. "बरं झालं म्हना की. पेट्रोल आसती तर चावीनं सुरू झाली आसती. मला कुनी पुढं बसवलं नसतं." असं म्हणून ती आत गेली. तिचं बोलणं खरं होतं, आणि तिनं ते माझ्यासाठी काढलेलं होतं, हेही खरं होतं.

साडूंनी जीपमधलं सामान उतरवायला घेतलं. मी वाट बघितली. त्यांना वेळ लागतो हे माहीत असूनही ती घटका मला फार लांब वाटली. शेवटी ते म्हणाले, "तुमी मला तवाच सांगायचं व्हतं. मी सवता जाऊन दिला आसता. मला त्या लोकायची लाज वाटली नसती." आवाज चढला नाही. मग त्यांनी विचारलं, "भाकरी खाता ना?" आणि मला जवळ बसवून वाढलं.

आमचा जिव्हाळा तुटला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ते प्रत्येक लहानमोठ्या खरेदीला मला बरोबर नेत राहिले, माझं मत विचारत राहिले आणि सावकाश ऐकून घेत राहिले. मी निवृत्त झालो, त्यांचे गुडघे गेले, अक्का सुनांना जीप शिकवून मोकळी झाली. पण कागद मात्र त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिला नाही. उताऱ्याचा असो, विजेचा असो, दवाखान्याचा असो, कचेरी माझ्या घरापासून दोन पावलांवर असली तरी ते तो द्यायला एसटीनं स्वतः येतात. मी स्टँडवर जातो, त्यांना उतरवून घेतो, कचेरीपर्यंत हात धरून नेतो. रांग असली की आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसतो आणि ते मला अक्काची तब्येत, यंदाचं पाणी, नव्या गाड्यांचे गुणदोष सांगत राहतात. कागद त्यांच्या मांडीवर असतो आणि त्यावर त्यांचा हात असतो.