धक्का लागला का?

शेजारच्या वकिलांनी शिग्राम घेतली, तेव्हापासून ठाण्यात पायी चालण्याची सोय उरली नाही. दिसेल त्याला ते त्या घोडागाडीत कोंबत, मखमली गादीवर बसवत आणि उतरताना विचारत, "धक्का लागला का?" गाडीच्या कमानी विलायती होत्या, सगळे "छे!" म्हणत. त्यांची आई मात्र दर वेळी म्हणे, "लागला!" त्या माउलीला जन्मात काही पसंत पडलं नव्हतं.

माजिवड्याच्या लग्नाला वकील आणि त्यांच्या आईबरोबर मीही त्यांच्या गाडीतून गेलो. खाचखळग्यांचा रस्ता संपवून शिग्राम मांडवापाशी थांबली. यजमान धावले, वाजंत्री सरसावले. वकिलांनी खाली उडी मारून सगळ्यांना हातानेच थोपवलं. पगडी कलली होती, डोळे चमकत होते.

"सनई बंद करा!" ते कुजबुजले. "आई घोरत्येय!"